आजोबांचे घड्याळदुरुस्तीचे मेज आणि पिव्होट घोटण्याची हत्यारे : मार्गदर्शन हवे आहे

मांडवीकाठ (रत्नागिरी)

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या आजोबांनी रत्नागिरीत चाळीसएक वर्षे घड्याळदुरुस्तीचे काम केले. या उन्हाळ्यात घराची कौले परतताना माळ्यावर त्यांचे मेज सापडले. ते फणसाच्या लाकडाचे आहे, त्याची उंची 53 सेंटिमीटर आहे, आणि वरच्या फळीला तीन बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकलेली आहे. फळीच्या खाली एक उथळ खण आहे. मात्र त्या खणाला लाकडी तळ नसून ताडपत्रीसारखे जाड कापड ताणून बसवलेले आहे. आजोबा पाटावर मांडी घालून या मेजाशी बसत असत, एवढे मला लहानपणापासून आठवते.

बाजूच्या खणात तेलाने माखलेल्या मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेले एक पितळी यंत्र मिळाले. त्याच्या डाव्या अंगाला दोरी गुंडाळण्याजोगी छोटी कप्पी आहे आणि उजव्या अंगाला पोलादी दांड्यावर निरनिराळ्या जाडीच्या बारीक खोबणी असून प्रत्येक खोबणीशी आकडा कोरलेला आहे. सोबत कानशीसारख्या दिसणाऱ्या, पण दाते नसलेल्या तीन अरुंद पोलादी पट्ट्या आहेत आणि बांबूच्या कामटीची एक छोटी कमान आहे, जिचे केस तुटून गेले आहेत.

वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ आमच्याकडे आहे. ते तबकडी वर करून ठेवले की मंदावते आणि तबकडी खाली करून ठेवले की बरे चालते. या हत्यारांचा त्या दोषाशी काही संबंध आहे का, ती वापरायला शिकता येतील का, आणि मेजाला पाय जोडून खुर्चीवर बसण्याजोगे करावे का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

जुना_चरक (वेंगुर्ले)

तुमच्याकडे जे आहे त्याला घड्याळजी 'जाको' म्हणतात. चाकाच्या दांड्याचे टोक, जे ज्वेलच्या (कठीण खड्याच्या) छिद्रात फिरते, त्याला आपण पिव्होट म्हणतो, आणि ते टोक घोटण्यासाठीच हे यंत्र असते. मनगटी घड्याळातील बॅलन्सचा, म्हणजे झोके घेणाऱ्या चाकाचा, पिव्होट साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा थोडासाच जाड. जनता घड्याळाचा बॅलन्स तासाला 18000 झोके घेतो. सेकंदाला पाच, दिवसाला 4 लाख 32 हजार. एवढे झोके त्या दोन टोकांवर पेलले जातात, त्यामुळे टोकावर सूक्ष्म ओरखडा असला तरी घड्याळ तो लपवू शकत नाही.

तुमच्या वर्णनावरून एक गोष्ट लगेच सांगता येते. तबकडी वर असताना बॅलन्सचे सगळे वजन मागच्या, म्हणजे कॉकच्या (बॅलन्सला मागून धरणाऱ्या पट्टीच्या) बाजूच्या पिव्होटवर येते. दोष त्याच स्थितीत दिसतो, म्हणून आधी ते टोक आणि ते ज्यावर टेकते ते टोपीचे ज्वेल तपासा. टोक चपटे झालेले असेल, खडबडीत झालेले असेल किंवा तेथील तेल वाळून चिकट झालेले असेल.

आता शब्दाविषयी थोडेसे, कारण सगळा घोटाळा शब्दातच आहे. नवे लोक याला 'पिव्होट पॉलिश करणे' म्हणतात आणि मग पॉलिशची भुकटी घेऊन बसतात. सोनार ज्या गुळगुळीत हत्याराने सोन्यावर ओप चढवतो तिला ओपणी म्हणतात. ओपणी सोने खरवडत नाही, ती पृष्ठभाग दाबून बसवते. चुन्याचा गिलावा घोटतात, पोथीचा कागद घोटतात, त्यातही तेच घडते. तुमच्या तीन पट्ट्या ओपण्या आहेत, कानशी नव्हेत. त्यांनी पिव्होटचे पोलाद फार थोडे कमी होते. बाकीचे मुख्यतः दाबले जाऊन कठीण आणि सपाट होते. भुकटीने चकाकी लवकर येते हे खरे, परंतु ती चकाकी ओरखडे बारीक करून आलेली असते आणि भुकटीचा एखादा कण पोलादात रुतून बसण्याचा धोका राहतो. मग तो पिव्होट ज्वेलमध्ये फिरताना स्वतःच कानस होतो.

अर्धचंद्र (अलिबाग)

जुना_चरक यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक सावधगिरीची सूचना करतो. मी घड्याळे जमवतो, दुरुस्त करत नाही, आणि हौशी मंडळींनी घोटून घोटून बारीक केलेले पिव्होट मी पुष्कळ पाहिले आहेत. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 1961 साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झाला आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तरीही जनता इतक्या प्रचंड संख्येने विकले गेले आहे की तिचे सुटे भाग अजून हाती लागतात. मग वडिलांच्या घड्याळावर प्रयोग करण्यापेक्षा बॅलन्सच संपूर्ण बदलून का घेऊ नये? आणि त्याआधी निव्वळ सफाई आणि नवे तेल एवढे करून पाहावे.

जुना_चरक (वेंगुर्ले)

सफाई आधी करावी, यात दुमत नाही. तबकडी वरच्या स्थितीतील निम्म्याहून अधिक तक्रारी केवळ सफाईने जातात, असा माझा अनुभव आहे. परंतु 'बदलून घ्या' हा सल्ला मी सरसकट देणार नाही. बाजारात मिळणारा जुना बॅलन्स दुसऱ्या कोणाच्या मनगटावर तीस वर्षे फिरलेला असतो आणि त्याचेही पिव्होट घासलेलेच असतात. शिवाय हेअरस्प्रिंग (बॅलन्सला झोके देणारी बारीक गुंडाळीदार स्प्रिंग) आणि बॅलन्स यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. ती मोडून दुसरी आणली तर वेळ जुळवण्याचे काम नव्याने करावे लागते.

फणसपाट (संगमेश्वर)

घड्याळातील मला काही कळत नाही, मी सुतार आहे. त्यामुळे मेजापुरते बोलतो.

पाय जोडू नका. आधी मोजा. पाश्चात्त्य पद्धतीचे घड्याळजीचे मेज जमिनीपासून 95 ते 100 सेंटिमीटर उंच करतात आणि कारागीर साधारण 45 सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर बसतो. म्हणजे बसण्याची जागा आणि फळी यांतील अंतर 50 ते 55 सेंटिमीटर होते. तुमचे मेज 53 सेंटिमीटरचे आहे आणि पाट पाच सेंटिमीटरचा धरला तर अंतर 48 येते. मांडी घातल्यावर पाठ थोडी खाली बसते, म्हणजे हिशेब तोच. तुमच्या आजोबांनी किंवा त्यांच्या सुताराने हे माप अंदाजाने धरलेले नाही. नेहमीचे लिहिण्याचे टेबल 75 सेंटिमीटरचे असते आणि त्यावर घड्याळाचे काम करणारा माणूस दोन महिन्यांत मान धरून बसतो. मेज उंच असण्याचे कारण असे की काम डोळ्याकडे यावे, डोळा कामाकडे जाऊ नये, आणि दोन्ही कोपर फळीवर टेकलेले असावेत. गुडघे त्रास देत असतील तर मेजाखाली वेगळी चौकट करून त्यावर ते आहे तसे ठेवा. जुन्या लाकडात खिळा ठोकू नका.

फणसाचे लाकूड नवे असताना पिवळे असते आणि वर्षे जातील तसे तांबूस तपकिरी होत जाते. यंत्राने घासून ते पुन्हा पिवळे करण्याचा मोह टाळा. वर चकचकीत वार्निशही देऊ नका, कारण दिव्याची तिरीप डोळ्यात जाते. माझ्या मते फळीवर साधा पांढरा जाड कागद चिकटवावा आणि मळला की बदलावा. काच तर मुळीच नको. काचेवर पडलेला स्क्रू टुणकन उडतो आणि मग घरभर शोधत बसावे लागते.

खणांविषयी एकच सांगणे आहे. आत्ता मे महिन्यात खण सैल वाटेल आणि तुम्ही खूश व्हाल. आषाढात तो फुगून अडकेल. अडकलेला खण हिसका देऊन ओढला की वरच्या फळीवरचे सगळे भाग नाचतात. म्हणून रंधा मारायचाच झाला तर पावसाळ्यात, खण फुगलेला असताना, जेवढा अडकतो तेवढाच मारा आणि सरकपट्ट्यांना मेण चोळा.

मांडवीकाठ (रत्नागिरी)

फणसपाट, मनापासून आभार. मी पाटावर बसून पाहिले आणि कोपर खरोखरच फळीवर अलगद टेकले. पाय जोडण्याचा विचार सोडला. कापडी खण कशासाठी, हे मात्र अजून उलगडले नाही. तसेच मेज कोठे ठेवावे? घडीव जांभ्याचे घर आहे, भिंती जाड आणि खिडक्या लहान आहेत.

जुना_चरक (वेंगुर्ले)

कापडी खण काम करताना अर्धा बाहेर ओढून ठेवायचा, म्हणजे तो छातीच्या खाली येतो आणि हातातून निसटलेला भाग त्यात पडतो. कापड असल्याने भाग उडत नाही. आमच्याकडे असा खण नव्हता. आम्ही पांढरा पंचा मांडीवर पसरून त्याचे टोक मेजाच्या कडेला टाचणीने अडकवत असू. सोनाराच्या मेजाला पुढे अर्धगोल कापलेले असते आणि खाली कातड्याची झोळी असते, ती सोन्याची कीस गोळा करण्यासाठी. घड्याळजीला कड सरळ लागते, कारण दोन्ही हात टेकायचे असतात.

फणसपाट (संगमेश्वर)

जागेविषयी मी सांगतो, कारण खिडक्या मीच बसवतो. पुस्तकी सल्ला असा असतो की मेज उत्तरेच्या खिडकीशी ठेवावे, म्हणजे थेट ऊन येत नाही. हा सल्ला युरोपासाठी अचूक आहे. रत्नागिरी सुमारे 17 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे साधारण 10 मे ते 2 ऑगस्ट या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. जून लागला की ढगांमुळे त्याचे काही वाटत नाही, पण मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात उत्तरेची खिडकीसुद्धा तापते. पडवीकडची, वळचण खोल असलेली उत्तरेची खिडकी असेल तर ती निवडा. पावसाळ्यात मात्र खिडकीच्या उजेडाचा भरवसा धरू नका. डाव्या बाजूने दिवा घ्या.

तिरफळ (चिपळूण)

मी यंत्रशाळेत तीस वर्षे लेथवर काम केले आहे, म्हणून हा धागा उत्सुकतेने वाचत आहे. माझी शंका स्पष्ट शब्दांत मांडतो. कमानीने चाक मागेपुढे फिरवणे ही गरज होती, कारण त्या काळी छोट्या मोटारी नव्हत्या. आज बारीक लेथवर दांडा धरून, एकाच दिशेने फिरवून, अतिसूक्ष्म पॉलिश कागद लावला तर काम अधिक एकसारखे होणार नाही का? कमान चालवणाऱ्या हाताचा कंप यात येतोच.

जुना_चरक (वेंगुर्ले)

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांब आहे.

सुताराचा सामता तुम्ही पाहिला असेल. कमानीच्या दोरीचा एक वेढा दांड्याला दिला की कमान पुढेमागे केल्यावर दांडा दोन्ही दिशांना फिरतो. जाकोची कमान तेच करते. डाव्या हातात कमान आणि उजव्या हातात ओपणी असते. कमान खाली ओढताना ओपणी पुढे ढकलायची आणि कमान वर जाताना ओपणी मागे घ्यायची, म्हणजे पिव्होटचा पृष्ठभाग आणि ओपणी नेहमी एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि दोन्ही गती मिळून घोटा बसतो. हा ताल एकदा हाताला लागला की दोन्ही हात आपोआप चालतात. सारंगीवाल्याला गजाचा विचार करावा लागत नाही, तसे.

मोटारीविषयी माझी हरकत अशी की मोटारीला पिव्होट अडकल्याचे कळत नाही. कमानीचे केस मऊ असतात आणि ताण वाढला की घसरतात. ओपणी अडली, खोबणीत कण आला, टोक वाकू लागले, हे सगळे डाव्या हाताला केसांतून कळते आणि कमान आपोआप थांबते. एक दशांश मिलिमीटरच्या पोलादाला मोटारीने एकदा हिसका दिला की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

दुसरे असे की लेथवर पिव्होटचे टोक अधांतरी असते. जाकोत ते खोबणीत झोपलेले असते आणि ओपणीचा सगळा दाब खालून खोबण पेलते. म्हणून तर एवढा दाब देता येतो. आणि दाबाशिवाय घोटणे होत नाही, नुसते पुसणे होते.

तिरफळ (चिपळूण)

खोबणीचा मुद्दा पटला. आधाराशिवाय दाब देता येत नाही, हे मला समजायला हवे होते. आमच्याकडेही मोठ्या दांड्यांवर कठीण रोलर दाबून पृष्ठभाग घट्ट करण्याची पद्धत आहे. तिच्यात कीस निघत नाही, दांडा गुळगुळीत होतो आणि त्याची झीज कमी होते. म्हणजे तत्त्व एकच आहे, माप तेवढे शंभर पटींनी लहान आहे. भुकटीबद्दलचे माझे मत मात्र मी अजून राखून ठेवतो. आमच्या कामात डायमंटिनसारखी भुकटी तेलात कालवून उत्तम पृष्ठभाग मिळतो.

जुना_चरक (वेंगुर्ले)

स्क्रूच्या डोक्याला किंवा पोलादी पट्टीच्या सपाट अंगाला डायमंटिन उत्तमच आहे; मीही ते जस्ताच्या ठोकळ्यावर वापरतो. तेथे काहीही फिरत नाही. पिव्होट फिरतो, एवढाच भेद आहे. मोठ्या भिंतीवरच्या घड्याळात हे डोळ्यांनी पाहता येते. तेथे पोलादी पिव्होट पितळी छिद्रात फिरतो आणि मऊ पितळ झिजण्याऐवजी कठीण पोलादावर खोल चर पडलेला दिसतो. कारण धुळीचा कण पितळात रुततो, घट्ट बसतो आणि वर्षानुवर्षे पोलाद कापतो. मऊ धातू कण धरून ठेवतो, म्हणून कापला जातो तो कठीण धातू.

आता ओपणीविषयी, कारण खरे काम तेथे आहे आणि कोणी सांगत नाही. ओपणी आरशासारखी गुळगुळीत असावी, असा लोकांचा समज असतो. तशी ओपणी पिव्होटवर नुसती घसरते. तिच्या अंगावर लांबीला आडवे, अगदी बारीक, एकसारखे ओरखडे असावे लागतात. त्यासाठी सपाट फळीवर किंवा जाड काचेवर 400 ते 600 नंबरचा एमरी कागद चिकटवून ओपणी त्यावर आडवी, म्हणजे तिच्या रुंदीच्या दिशेने, सपाट धरून ओढायची. उलटसुलट फिरवायची नाही आणि कडा गोल होऊ द्यायच्या नाहीत. ओपणी नखावरून हलकेच फिरवली असता नखाची अगदी सूक्ष्म भुकटी निघाली तर ती तयार झाली, ही माझी कसोटी आहे. नंतर पातळ तेलाचा एक थेंब. दहाबारा पिव्होट झाले की हे ओरखडे बुजतात आणि ते पुन्हा काढावे लागतात. माझे गुरू दिवसाची सुरुवात याच कामाने करत. मी पहिली दोन वर्षे ते टाळत होतो आणि यंत्राला दोष देत होतो.

मांडवीकाठ, तुमच्या तीन ओपण्यांच्या कडा आयग्लासखाली (डोळ्याला लावायच्या भिंगाखाली) पाहा आणि त्या एकसारख्या आहेत का, ते कळवा.

मांडवीकाठ (रत्नागिरी)

पाहिल्या. एका पट्टीच्या दोन्ही कडा काटकोनात आहेत. उरलेल्या दोघींची एकेक कड गोलसर आहे, पण एकीची उजवी आणि दुसरीची डावी. तिघींवर तांबूस डाग आहेत. पावसाळ्यात हे वाढणार, अशी धास्ती वाटते. बाजारात सिलिका जेल मिळते. आजोबांच्या खणात मात्र कापराच्या वड्यांचा कागद सापडला.

एक विचारायचे राहिले. घोटताना खोबरेल चालेल का? घरात तेच सर्वांत स्वच्छ तेल आहे.

जुना_चरक (वेंगुर्ले)

काटकोनी ओपणी सरळ पिव्होटसाठी आहे, म्हणजे ज्यांना खांद्याशी (जाड दांडा बारीक पिव्होटला मिळतो तेथे) काटकोन असतो अशा मधल्या चाकांसाठी. गोल कडेच्या दोन ओपण्या बॅलन्ससाठी आहेत. बॅलन्सचा पिव्होट खांद्याकडे शंकूसारखा रुंदावत जातो आणि त्या वळणात ओपणीची गोल कड बसावी लागते. काम कोणत्या अंगाने करता यावर उजवी की डावी ते ठरते. वळणात ओरखडा राहिला तर पिव्होट तेथूनच मोडतो, म्हणून या दोन पट्ट्या जपा.

खोबरेल नको. ते 24 अंशांच्या आसपास थिजते आणि जुने झाले की चिकट होते. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल घोटण्यापुरते पुरेसे आहे. घड्याळात घालायचे तेल मात्र घड्याळाचेच हवे.

कापराने हत्यारांवर गंज धरत नाही, असे जुने लोक मानत आणि हत्यारांच्या पेटीत मीही तो ठेवतो. परंतु उघडलेले घड्याळ, तेलाच्या बाटल्या आणि कापूर एका खणात ठेवू नका, कारण त्याची वाफ उडून जाऊन थंड धातूवर बसते. ओपण्यांना तेल लावून फडक्यात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा आणि घामेजलेल्या बोटाने काम करायच्या अंगाला हात लावू नका. समुद्राकाठच्या हवेत बोटाचा ठसा चार दिवसांत गंजाचा ठसा होतो. तांबूस डाग वरवरचे असतील तर नव्या ओरखड्यांबरोबर जातील. खड्डा पडला असेल तर तेवढी जागा सोडून काम करावे लागेल.

अर्धचंद्र (अलिबाग)

गंजाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पिव्होटवरच गंजाचे ठिपके असतील तर घोटून जातात का? माझ्याकडे एक घड्याळ आहे जे कधीतरी खाडीच्या पाण्यात पडले होते.

जुना_चरक (वेंगुर्ले)

ठिपका नुसता रंग असेल तर जातो. खड्डा असेल तर खड्डा नाहीसा होईपर्यंत घोटणे म्हणजे पिव्होट बारीक करणे, आणि बारीक पिव्होट ज्वेलच्या छिद्रात खुळखुळतो. बॅलन्सच्या पिव्होटला छिद्रात शंभरांश मिलिमीटरच्या आसपास मोकळीक असते. ती दुप्पट झाली की घड्याळ उभे धरल्यावर एक आणि आडवे ठेवल्यावर दुसरी वेळ सांगते. तेथे बदलून घेण्याचा तुमचा सल्ला मी मान्य करतो. खाडीत पडलेल्या घड्याळात बहुधा तेच करावे लागेल.

मांडवीकाठ (रत्नागिरी)

आता कमानीकडे वळतो. घोड्याचे केस येथे कोठे मिळणार? मासेमारीच्या दुकानातून बारीक तंगूस आणला आहे. तो चालेल का?

तिरफळ (चिपळूण)

याचे उत्तर मी प्रयोग करून देतो, कारण या धाग्यामुळे मीही एक जाको मिळवला आहे. तो नवीन, स्वस्तातला होता आणि त्याच्या खोबणींच्या कडांवर फणी (धातूची बारीक उभी धार) निघालेली होती. पहिल्याच दिवशी एका चाकाचा पिव्होट त्याने खाल्ला. विकणाऱ्याने तो परत घेतला नाही, तेव्हा मी खोबणींच्या कडा स्वतः घासून घेतल्या. खोबणींचे आकडे शंभरांश मिलिमीटरमध्ये आहेत, म्हणजे 10 हा आकडा असलेली खोबण एक दशांशाची.

तंगूस चालतो, पण गुळगुळीत असल्याने घसरतो. मी त्याला राळेची भुकटी हलकी चोळली. ती जास्त झाली की तंगूस पकडतो आणि मग जुना_चरक म्हणतात तो केसांचा गुण नाहीसा होतो. शेवटी कामटी अधिक पातळ तासली, म्हणजे कमान वाकून देते आणि घसरण्याचे काम कामटी करते. सगळ्यांत पातळ तंगूस, कमीत कमी राळ आणि लवचिक कामटी, असा मेळ बसला.

आणि भुकटीविषयी माझे मत मी बदलले आहे. एकाच जुन्या चाकाचा एक पिव्होट भुकटीने आणि दुसरा ओपणीने केला. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखेच चमकले, किंबहुना भुकटीचा अधिक. सूक्ष्मदर्शकाखाली भुकटीच्या पिव्होटच्या कडा गोलावलेल्या होत्या आणि खांद्याचा काटकोन गेला होता. ओपणीच्या पिव्होटचा आकार जसाच्या तसा होता.

जुना_चरक (वेंगुर्ले)

खोबणीची निवड नीट समजून घ्या, कारण नवशिक्यांचे बहुतेक पिव्होट येथेच मोडतात. पिव्होट आधी मायक्रोमीटरने मोजा. मग त्याच्यापेक्षा एक आकडा लहान खोबण घ्या. पिव्होट खोबणीच्या कडांच्या किंचित वर राहतो आणि ओपणी फक्त त्याला लागते. तो तेवढा कमी झाला की ओपणी खोबणीच्या कडांना टेकते आणि काम आपोआप थांबते. खोबण मोठी घेतली तर पिव्होट आत बुडतो, ओपणी कडांवर घासत राहते आणि माणूस अधिक दाब देतो. मी माझा पहिला बॅलन्स असाच मोडला. तो गिऱ्हाइकाचा होता आणि त्याची भरपाई माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून झाली.

यंत्राला एक चकती असेल, तिच्यावर गोलाकार बारीक छिद्रे असतील. तिला आम्ही कंदील म्हणतो. पिव्होटचे टोक छिद्रातून जेमतेम बाहेर काढून टोकावरून ओपणी फिरवायची, म्हणजे चपटे झालेले टोक पुन्हा किंचित फुगीर होते. तुमच्या वडिलांच्या घड्याळाला बहुधा एवढेच हवे आहे. त्याआधी हेअरस्प्रिंग आणि रोलर (बॅलन्सच्या दांड्यावरची छोटी चकती) काढावे लागतील, आणि ते काम घोटण्यापेक्षा अवघड आहे. ते पहिल्यांदा कोणासमोर बसून करा. सुरुवात गजराच्या जुन्या घड्याळातील चाकांवर करा. ते पिव्होट जाड असतात आणि मोडले तर कोणी रडत नाही.

घोटून झाल्यावर पिव्होट भेंडात टोचून साफ करायचा. परदेशात यासाठी एका झुडपाचा गाभा वापरतात; आपल्याकडे बाशिंगे करण्याचा भेंड मिळतो, तो थोडा अधिक भुसभुशीत असल्याने दोनतीन वेळा नवी जागा घेऊन टोचावा लागतो. ज्वेलचे छिद्र माडाच्या हिराचे टोक तासून साफ करता येते. पितळी छिद्रात हीर घालू नये, तेथे मऊ लाकूडच हवे.

मांडवीकाठ (रत्नागिरी)

दोन महिन्यांनी लिहीत आहे, म्हणून आधी क्षमा मागतो.

गजराच्या घड्याळाच्या चाकांवर सव्वा महिना सराव केला. पहिले चार पिव्होट मोडले. त्यातले तीन कमानीच्या हिसक्याने आणि एक खोबण मोठी घेतल्याने, अगदी सांगितल्याप्रमाणे. जुना_चरक यांच्या सूचनेवरून ओपणीचे ओरखडे रोज काढू लागल्यावर फरक लगेच जाणवला: आधी ओपणी पिव्होटवरून नुसती सुळकन जात होती, आता ती किंचित धरते आणि हाताला बारीक कुरकुर लागते.

जनता घड्याळाची सफाई गावातील एका ज्येष्ठ कारागिरासमोर बसून केली. नुसत्या सफाईने तबकडी वरच्या स्थितीतला बॅलन्सचा झोका 190 अंशांवरून 225 वर आला, तबकडी खाली असताना तो 270 होता. म्हणजे अर्धचंद्र यांचे म्हणणे अर्धे खरे ठरले. आयग्लासमधून पाहिल्यावर कॉकच्या बाजूचे टोक चपटे दिसले आणि त्याच्या कडेला फणी निघाली होती. हेअरस्प्रिंग आणि रोलर त्या काकांनी काढले, कंदिलावर टोक मी घोटले, वीसेक फेऱ्यांत. आता दोन्ही स्थितींत झोका 265 ते 270 अंशांच्या दरम्यान आहे.

एक गोष्ट राहिली आहे. दुसऱ्या बाजूचा पिव्होट मायक्रोमीटरवर अर्ध्या शंभरांशाने बारीक येतो आहे आणि त्याच्या वळणाशी एक ओरखडा दिसतो, जो मी केलेला नाही. तो तसाच सोडावा की डाव्या कडेच्या ओपणीने काढावा?

जुना_चरक (वेंगुर्ले)

अंश पाहून आनंद झाला. ओरखडा घेराला समांतर, म्हणजे पिव्होटभोवती गोल असेल तर तसाच सोडा. तो बहुधा पूर्वीच्या एखाद्या घोटण्याचा आहे, कदाचित आजोबांच्याच हातचा. तो लांबीच्या दिशेने तिरका जात असेल तर ती चीर असू शकते आणि त्या दांड्याला पुन्हा जाकोवर चढवू नका. दिवा बाजूने धरून, पिव्होट हळूहळू फिरवत पाहा आणि कोणत्या दिशेने आहे ते कळवा.

मांडवीकाठ (रत्नागिरी)

गोल आहे. सोडला.